जुन्या घराखालचे नवे पाताळ : माइनक्राफ्टमधील ‘केव्ज अँड क्लिफ्स’ अपडेटचे समीक्षण

गोषवारा

माइनक्राफ्ट या बांधकामप्रधान संगणकीय खेळाची ‘केव्ज अँड क्लिफ्स’ म्हणजे ‘गुहा आणि कडे’ ही सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये दोन टप्प्यांत प्रकाशित झाली. तिने खेळातील भूरचना, खनिजे, प्रकाशाचे नियम आणि बांधकामसाहित्य यांत मूलगामी बदल केले. प्रस्तुत लेखात या बदलांचे स्वरूप तपासून त्यांचे मूल्यमापन केले आहे. खेळाडूने आधीच रचून ठेवलेल्या जगाशी नवी भर कसे नाते जोडते, हा येथे मूल्यमापनाचा मुख्य निकष मानला आहे.

बीजसंज्ञा : संगणकीय खेळ, सँडबॉक्स, संहिता, पाठभेद, प्रक्षेप, अवकाश, खेळाडूचे कर्तृत्व

प्रस्तावना

नाटक, चित्रपट, दूरदर्शन मालिका या माध्यमांना मराठी समीक्षेने आपल्या कक्षेत घेतले, त्याला आता बराच काळ लोटला आहे. संगणकीय खेळांच्या वाट्याला मात्र हे भाग्य अपवादानेच आले. या खेळांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते मुख्यतः दोन प्रकारचे असते. एक, मुलांना लागलेल्या नादाची चिंता. दुसरे, बाजारात आलेल्या नव्या उत्पादनाची वार्ता. पहिल्या प्रकारात खेळ कसा आहे हे पाहिलेच जात नाही. दुसऱ्या प्रकारात त्यात नवे काय आले याची यादी दिली की लेखणी थांबते. यादी म्हणजे समीक्षा नव्हे. नव्याने आलेल्या गोष्टींमुळे मूळ कृतीचा अर्थ कसा बदलला, तिच्या अंगभूत तत्त्वाशी त्या सुसंगत आहेत काय, आणि आस्वादकाच्या वाट्याला त्यातून काय आले, हे प्रश्न समीक्षेला विचारावेच लागतात.

माइनक्राफ्टच्या बाबतीत हे प्रश्न अधिकच निकडीचे ठरतात. स्टॉकहोम येथील मोजांग या संस्थेचा हा खेळ मार्कुस पेर्सोन यांनी १७ मे २००९ रोजी प्रथम लोकांपुढे ठेवला. त्याची पूर्ण आवृत्ती १८ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध झाली आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही संस्था अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये या खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे जाहीर झाले. इतक्या लोकांनी ज्या कृतीत आपला वेळ आणि श्रम गुंतवले आहेत, ती कृती तिचा मालक अधूनमधून बदलत असतो. हा बदल कोणत्या कसोटीवर घासून पाहावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

खेळाचे स्वरूप आणि संहितेचा प्रश्न

ज्यांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. ‘सँडबॉक्स’ म्हणजे मुलांना खेळण्यासाठी वाळू भरून ठेवलेली चौकट. ज्या खेळात जिंकण्याचे निश्चित लक्ष्य खेळाडूवर लादलेले नसते, साहित्य आणि नियम पुरवून पुढचे त्याच्यावर सोपवलेले असते, त्याला सँडबॉक्स खेळ म्हणतात. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारे मूल जसे कोणाला हरवण्यासाठी किल्ला करीत नाही, तसेच येथेही आहे. माइनक्राफ्टचे जग घनाकृती ठोकळ्यांचे बनलेले असते. एक ठोकळा म्हणजे एक मीटर, असे प्रमाण धरले जाते. माती, दगड, लाकूड, धातू यांचे ठोकळे खणावयाचे आणि त्यांतून घर, पूल, मंदिर, शहर, जे मनात येईल ते रचावयाचे. प्रत्येक खेळाडूचे जग एका बीजसंख्येपासून संगणकीय नियमांनी निर्माण होते. त्यामुळे ते अफाट असते आणि सहसा कोणा दुसऱ्याच्या जगासारखे नसते.

यातून समीक्षेपुढे एक वेगळाच पेच उभा राहतो. या कृतीची संहिता कोणती? मोजांगने लिहिलेले नियम ही एक संहिता; त्या नियमांच्या आधारे खेळाडूने रचलेले जग ही दुसरी. पहिली संस्थेच्या मालकीची आहे, दुसरी खेळाडूच्या कष्टाची. नवी आवृत्ती येते तेव्हा बदल पहिल्या संहितेत होतो, परंतु त्याचा परिणाम दुसरीवर होतो.

पाठचिकित्सेची परंपरा असलेल्या आपल्या अभ्यासकांना हा पेच अगदीच अपरिचित वाटू नये. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली भर घालू नये, अशी ताकीदही दिली. तेथे मूळ पाठ स्थिर करणे हे ध्येय होते आणि प्रक्षेप हा दोष होता. माइनक्राफ्टमध्ये याच्या उलट स्थिती आहे. येथे निर्माताच प्रक्षेप करतो, तो सातत्याने करतो आणि वाचकही त्याची वाट पाहत असतो. तेव्हा प्रक्षेप झाला म्हणून येथे दोष देता येत नाही. आधीच्या पाठाशी, विशेषतः खेळाडूने रचलेल्या पाठाशी, त्या प्रक्षेपाने कसे वर्तन केले, एवढेच विचारता येते.

अपडेटची पार्श्वभूमी

‘केव्ज अँड क्लिफ्स’ची घोषणा ऑक्टोबर २०२० मध्ये झाली. गुहांची पुनर्रचना ही खेळाडूंची जुनी मागणी होती. आरंभी सर्व बदल एकाच आवृत्तीत येणार होते. एप्रिल २०२१ मध्ये मात्र, कामाची तांत्रिक गुंतागुंत आणि कर्मचाऱ्यांवर पडणारा ताण ही कारणे देऊन, त्यांची विभागणी करण्यात आली. पहिला भाग, म्हणजे १.१७ ही आवृत्ती, ८ जून २०२१ रोजी आली. दुसरा भाग, म्हणजे १.१८, ३० नोव्हेंबर २०२१ रोजी आला. पहिल्या भागात मुख्यतः नवे ठोकळे आणि नवे प्राणी होते, तर दुसऱ्यात जगाची घडणच बदलली. विवेचनाच्या सोयीसाठी दुसऱ्या भागाचा विचार आधी करणे इष्ट ठरेल. कारण पहिल्यातील अनेक गोष्टींचा अर्थ दुसऱ्यामुळेच स्पष्ट होतो.

अवकाशाची पुनर्रचना

२०२१ पूर्वीच्या माइनक्राफ्टचे जग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे सहा कोटी ठोकळे पसरलेले होते. उंचीला मात्र ते अवघे २५६ ठोकळे होते. म्हणजे ते अंथरलेल्या चटईसारखे होते. विस्तार अमर्याद, जाडी नाममात्र. समुद्रसपाटी साधारण ६२ व्या थरावर असल्याने खाली खणणाऱ्यास थोड्याच वेळात बेडरॉक नावाचा अभेद्य खडक लागत असे. ‘माइन’ म्हणजे खाण हा शब्द ज्याच्या नावातच आहे, त्या खेळात खोली हीच सर्वांत दुर्मीळ गोष्ट असावी, हा अंतर्विरोधच होता.

१.१८ ने तळ उणे ६४ पर्यंत खाली नेला आणि बांधकामाची वरची मर्यादा ३१९ पर्यंत चढवली. एकूण उंची ३८४ ठोकळे झाली. वर ६४ आणि खाली ६४ ही भर आकड्यांत किरकोळ वाटेल. परंतु भूमिगत भाग जवळजवळ दुप्पट झाला, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे महत्त्व ध्यानात येते. शून्याखालील भाग डीपस्लेट नावाच्या काळसर, खणण्यास अधिक चिवट अशा खडकाचा आहे. त्यामुळे आपण किती खोल आलो हे खेळाडूला आकडा न पाहताही कळते. हाताखालचा दगड बदलतो, घाव घालण्याची गती मंदावते, रंग गडद होतो. खोलीची जाणीव अशी इंद्रियगोचर झाली आहे.

गुहांच्या रचनेतही विचारपूर्वक वैविध्य आणलेले दिसते. निर्मात्यांनी त्यांना खाद्यपदार्थांची नावे दिली आहेत. चीजमधील छिद्रांसारखी प्रचंड दालने, स्पॅगेटीसारखे लांब वळणदार बोगदे आणि नूडलसारख्या त्याहून अरुंद वाटा, असे हे प्रकार आहेत. भूगर्भात निरनिराळ्या पातळ्यांवर पाणी साठलेले असल्याने भूमिगत सरोवरेही निर्माण होतात. पूर्वीची गुहा ही केवळ जाण्याची वाट होती; आता ती पाहण्याची जागा झाली. खणणाऱ्याचा खेळ हिंडणाऱ्याचाही झाला.

येथे एक धोका होता. गुहा इतक्या मोठ्या झाल्या की खनिजे भिंतींवर आयतीच दिसावीत आणि खणण्याची गरजच उरू नये, असे होऊ शकले असते. निर्मात्यांनी त्यावर उपाय योजला. हिरे खाली जावे तसे अधिक सापडतात. परंतु मोकळ्या हवेला लागून असलेल्या जागी त्यांचे प्रमाण मुद्दाम कमी ठेवले आहे. म्हणजे गुहेत हिंडणाऱ्यालाही काही मिळते, आणि भिंतीच्या आत शिरून चिकाटीने खणणाऱ्याचे श्रमही वाया जात नाहीत. नव्याला जागा देताना जुन्या कौशल्याची किंमत राखणे, हे या अपडेटचे सूत्र येथे प्रथम प्रत्ययास येते.

पृष्ठभागावरील बदल याहूनही सूक्ष्म आहे. पूर्वी प्रदेशाचा प्रकार आधी ठरत असे आणि जमिनीचा आकार त्यानुसार बनत असे. मैदान म्हटले की ते सपाट, पर्वत म्हटला की तो उंच. १.१८ मध्ये जमिनीचा आकार स्वतंत्रपणे ठरतो आणि मग त्या आकाराला, तापमानाला आणि आर्द्रतेला साजेसा प्रदेश त्यावर येतो. आधी नाव आणि मग रूप, हा क्रम उलटून आधी रूप आणि मग नाव असा झाला. त्यामुळे डोंगरावर अरण्य चढू लागले, वाळवंटालाही चढउतार मिळाले, आणि पायथ्याचे कुरण, मधले हिमाच्छादित वन, वरचे टोकदार शिखर अशी क्रमवार चढण प्रत्ययास येऊ लागली. यंत्राने निर्माण केलेल्या निसर्गाला निसर्गाची तर्कसंगती लाभली, असे याविषयी म्हणता येईल.

खूण आणि खोली

या अपडेटमधील एका लहानशा तपशिलाकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. भूगर्भात ‘लश केव्ज’ म्हणजे हिरव्यागार वनस्पतींच्या गुहा असतात. अशी गुहा खाली असेल तर वर जमिनीवर अझेलियाचे झाड उगवते. त्या झाडाखाली मुळे पसरलेल्या मातीचा स्तंभ असतो. तो खणत गेले की खेळाडू थेट गुहेत उतरतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ या प्रकरणात कोणत्या वृक्षाजवळ किती खोलीवर पाणी लागेल याची लक्षणे सांगितली आहेत. उंबर दिसला की जवळपास पाणी असणार, ही आपल्या खेड्यांतील समजूतही त्याच जातीची. अझेलियाची योजना हे पारंपरिक शहाणपण जणू नव्याने शोधून काढते. वरचे आणि खालचे ही दोन वेगळी जगे न राहता एक दुसऱ्याची खूण होते. खेळाडूला कोणतीही सूचना वाचून दाखवली जात नाही. त्याने झाड ओळखावे आणि अर्थ लावावा, एवढीच अपेक्षा असते. या खेळातील उत्तम प्रक्षेप कसा असावा याचा हा नमुना होय.

प्रकाशाचा नवा नियम

अंधारात राक्षसी जीव उत्पन्न होतात, हा माइनक्राफ्टचा आरंभापासूनचा नियम. म्हणून खेळाडू घराभोवती मशाली लावतो. मशालीजवळ प्रकाशाची पातळी १४ असते आणि ती प्रत्येक ठोकळ्यागणिक एकाने घटते. पूर्वी ७ किंवा त्याहून कमी पातळीच्या जागी हे जीव उत्पन्न होत. म्हणजे एका मशालीचे संरक्षण सहा ठोकळ्यांपर्यंत पुरे. १.१८ मध्ये कृत्रिम प्रकाश शून्य असेल तरच ते उत्पन्न होतात, असा नियम झाला. तीच मशाल आता तेरा ठोकळ्यांपर्यंत राखण करते.

हा बदल यादीत एका ओळीचा असतो. त्याचा अर्थ मात्र मोठा आहे. गुहा विशाल केल्यावर जुना नियम ठेवला असता तर त्या उजळण्यासाठी असंख्य मशाली लावाव्या लागल्या असत्या आणि नवा अवकाश केवळ कष्टाचा झाला असता. दुसरे असे की पूर्वी सुरक्षिततेसाठी घर, अंगण, रस्ता सर्वत्र मशाली ठोकाव्या लागत. त्यामुळे कित्येक सुंदर बांधकामे विद्रूप होत. आता मंद प्रकाशाची दालने, सावलीचे चौक, एखाद्याच दिव्याचा बोळ हे सारे रचता येऊ लागले. अंधुकतेला सौंदर्यमूल्य प्राप्त झाले, आणि तेही भय नाहीसे न करता; कारण गडद काळोखाचे भय पूर्वीइतकेच कायम आहे.

तांबे आणि काळ

पहिल्या भागात, १.१७ मध्ये, आलेल्या वस्तूंपैकी तांबे सर्वांत अर्थपूर्ण आहे. तोवरच्या माइनक्राफ्टमध्ये बांधकामावर काळाचा परिणाम जवळजवळ नव्हता. दगडी भिंत शंभर दिवसांनीही तशीच राही. तांब्याचा ठोकळा मात्र चार अवस्थांतून जातो. झळझळीत तांबूस, मग मळकट, मग हिरवट, आणि अखेर पूर्ण कळकलेला. खेळाडूला ही प्रक्रिया थांबवावयाची असल्यास त्याने मधाच्या पोळ्यातील मेण त्यावर चोळावे. मागे न्यावयाची असल्यास कुऱ्हाडीने थर खरवडावा. चिंच लावून तांब्याची भांडी घासणाऱ्या घरांत वाढलेल्यास यातील गंमत सांगावी लागू नये.

याच आवृत्तीत गुहेच्या छतावरून लोंबणारे, थेंबाथेंबाने वाढणारे चुनखडीसदृश सुळके आले आणि पोकळ खडकात टप्प्याटप्प्याने फुलणारे जांभळे ॲमेथिस्ट स्फटिक आले. तांबे जुने होते, सुळका वाढतो, स्फटिक फुलतो. तिन्हींमध्ये समान सूत्र काळाचे आहे. खेळाडू पाहत नसतानाही काही घडत राहते, ही जाणीव जगाला खरेपणा देते. बांधकाम करणाऱ्याच्या दृष्टीने तर ती क्रांतिकारकच म्हणावी लागेल. कारण आपली वास्तू आज कशी दिसते याबरोबरच ती उद्या कशी दिसेल, याचाही विचार त्याला करावा लागतो. वास्तुकलेतील हा विवेक खेळात उपदेशाने नव्हे, तर साहित्याच्या गुणधर्मातून आला आहे.

मात्र एक उणीव नोंदवली पाहिजे. इतक्या कल्पक धातूला उपयोग फारच थोडे दिले गेले. वीज पकडणारा दांडा, दुर्बीण आणि बांधकाम, एवढ्यावरच तो बराच काळ थांबला. गुहांतून तांबे विपुल सापडे आणि पेट्यांत पडून राही. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘कॉपर एज’ या भरीत तांब्याची हत्यारे, चिलखत, पेट्या आणि तांब्याचा यांत्रिक सेवक आला, तेव्हा ही उणीव बरीचशी दूर झाली. परंतु त्यास चार वर्षे लागली.

जुन्या जगाचे काय?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. खेळाडूने वर्षानुवर्षे जपलेले जग १.१८ मध्ये उघडले असता काय घडते? पूर्वी भूरचनेचे नियम बदलत तेव्हा जुन्या आणि नव्या प्रदेशांच्या सीमेवर सरळ कापलेल्या भिंती उभ्या राहत. नदी मध्येच तुटे, डोंगर अर्धवट राही. वही मध्येच फाडून दुसरी जोडावी, तसे ते दिसे. जुन्याचा नाश होत नसे. पण नव्याशी त्याचे नातेही जुळत नसे.

या वेळी निर्मात्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, सीमेवर जुन्या जमिनीची उंची पाहून नवी जमीन तिच्याशी हळूहळू जुळवून घेण्याची योजना केली. दुसरी आणि अधिक महत्त्वाची, खेळाडूने वावरलेल्या जुन्या प्रदेशात शून्याच्या वरचे सारे जसेच्या तसे राखून, केवळ त्याखाली नवा भूगर्भ निर्माण केला.

प्रस्तुत लेखकाने २०२१ पूर्वी रचलेले एक जग या दृष्टीने उघडून पाहिले. नदीकाठचे घर, त्यामागचे शेत, अकराव्या थरावर खणलेला हिऱ्यांचा बोगदा, सारे होते तेथेच होते. बोगद्याच्या टोकाशी खाली खणत गेल्यावर मात्र, पूर्वी जेथे अभेद्य तळ लागे तेथे काळा दगड लागला. आणि तो फोडल्यावर काही अंतराने कुदळ पोकळीत गेली. मशाल खाली टाकावी तर तळ दिसेना. ज्या घरात आपण इतकी वर्षे राहिलो त्याच्याखाली हे होते, असे वाटले. वास्तविक ते नव्हते, आताच झाले होते. परंतु अनुभव मात्र ‘भर घातली गेली’ असा न होता ‘दडलेले सापडले’ असा झाला. प्रक्षेपाचे शोधात रूपांतर होणे, हे या अपडेटचे सर्वांत मोठे यश होय. येथे मालकाने आपला बदल भाडेकरूच्या घरावर लादला नाही. घर राखून त्याच्याखाली जागा दिली.

तुलनेसाठी २९ फेब्रुवारी २०१६ रोजी आलेली १.९ ही आवृत्ती घेता येईल. तिने लढण्याची पद्धत बदलली. तलवारीचा प्रत्येक वार पूर्ण जोर भरल्यानंतरच प्रभावी ठरू लागला, त्यामुळे वेगाने वार करण्याचे वर्षांच्या सरावाने कमावलेले कौशल्य एका दिवसात निरुपयोगी झाले. बदल तत्त्वतः अयोग्य नव्हता, लढाईत विचाराला वाव देणाराच होता. परंतु जुन्या कौशल्याला त्याने कोणतीही जागा ठेवली नाही. परिणामी अनेक स्पर्धात्मक सर्व्हर पुढे दीर्घकाळ १.८ च्याच पद्धतीवर चालत राहिले. जावा आवृत्तीत कोणतीही जुनी आवृत्ती निवडून खेळण्याची सोय आहे म्हणून हे पाठभेद जिवंत राहू शकले. मोबाइल आणि कन्सोलवरील बेडरॉक आवृत्तीत अशी सोय सहज उपलब्ध नाही; तेथे नवा पाठ हाच एकमेव पाठ होतो. समाजाने बदल नाकारला तर त्याला तसे करण्याची वाट असणे, हाही मूल्यमापनाचा एक भाग मानावा लागेल.

मर्यादा

वरील गौरव बिनशर्त नाही. जुन्या प्रदेशात शून्याच्या वर नव्या गुहा येत नाहीत, नवे पर्वतही येत नाहीत. त्यासाठी न पाहिलेल्या दिशेने दूर चालत जावे लागते. उंच-सखल भूमीवर आपोआप वसणारी गावे पुष्कळदा विस्कळीत दिसतात. एखादे घर कड्याला लटकते, एखाद्याचे दार दरीत उघडते. भूमीचा तर्क सुधारला, वस्तीचा मात्र मागेच राहिला. वाढलेल्या उंचीचा भार जुन्या संगणकांवर पडला, हेही नमूद केले पाहिजे.

विभागणीचा परिणाम अधिक गंभीर आहे. १.१७ मध्ये अझेलिया, शेवाळ, सुळके हे साहित्य आले. पण ज्या गुहांचे ते होते त्या गुहा आल्या नव्हत्या. सुमारे सहा महिने खुणा होत्या आणि ज्याच्या त्या खुणा ते नव्हते. एखाद्या काव्याची तळटीप आधी हाती यावी आणि काव्य मागाहून, तसे हे झाले.

१.१८ मधील प्रचंड पोकळ्याही आरंभी काहीशा ओसाड होत्या. त्यांच्या तळाशी असावयाचे ‘डीप डार्क’, तेथील प्राचीन नगरे आणि आंधळा, कंपनांवरून वेध घेणारा वॉर्डन हे सारे ७ जून २०२२ च्या १.१९ मध्ये आले. वॉर्डन हा जिंकण्यासाठी नसून त्याच्यापासून लपण्यासाठी आहे; पावलांचा आवाज न करता निसटणे हेच तेथले कौशल्य. खोलीला भयाचा अर्थ त्यामुळे लाभला. परंतु तो मूळ योजनेतलाच भाग होता, हे विसरता येत नाही. २०२० मध्येच दाखवलेले पुरातत्त्वीय उत्खनन जून २०२३ मध्ये १.२० सोबत आले, आणि वस्तू एकत्र बांधण्याचे गाठोडे तर ऑक्टोबर २०२४ मध्ये. साध्या गाठोड्याला चार वर्षे लागली.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट मान्य करावयास हवी. जाहीर केलेला दिनांक पाळण्यासाठी कर्मचाऱ्यांना रात्रंदिवस राबवणे, ही या उद्योगातील कुप्रथा आहे. तसे न करता काम पुढे ढकलणे योग्यच होते. दोष विलंबाचा नसून अकाली आश्वासनाचा आहे. संस्थेलाही हे उमगले असावे. कारण सप्टेंबर २०२४ मध्ये तिने वर्षातून एकच मोठी आवृत्ती देण्याऐवजी अधिक वेळा लहान भर घालण्याचे धोरण जाहीर केले. या धोरणामुळे आश्वासन आणि पूर्ती यांतील अंतर कमी झाले आहे. परंतु जगाची घडणच बदलणारी ‘केव्ज अँड क्लिफ्स’सारखी एकसंध कल्पना लहान लहान हप्त्यांत कितपत पेलता येईल, ही शंका मात्र राहते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१. सतत बदलणाऱ्या संगणकीय खेळाच्या समीक्षेत नव्या गोष्टींची संख्या हा गौण निकष आहे. नवी भर मूळ तत्त्वाशी आणि खेळाडूच्या पूर्वकर्तृत्वाशी कसे नाते जोडते, हा मुख्य निकष मानावा.

२. ‘केव्ज अँड क्लिफ्स’ने विस्ताराच्या जगाला खोली दिली, प्रकाशाच्या नियमाने त्या खोलीला राहण्याजोगे केले, आणि तांबे, सुळके, स्फटिक यांच्याद्वारे बांधकामात काळाचा प्रवेश घडवला. हे बदल सुटे नसून परस्परपूरक आहेत.

३. खेळाडूचे जुने जग अबाधित ठेवून त्याखाली नवा भूगर्भ निर्माण करण्याची योजना हे या अपडेटचे श्रेष्ठ वैशिष्ट्य होय. १.९ च्या तुलनेत तिचे मोल अधिक स्पष्ट होते.

४. अकाली आश्वासने आणि त्यांची तुकड्यातुकड्यांनी झालेली पूर्ती यांमुळे कृतीच्या एकात्मतेला बाध आला. विलंबामागील मानवी कारणे मान्य करूनही हा दोष उरतोच.

५. पाठ, पाठभेद, प्रक्षेप ही पाठचिकित्सेची परिभाषा अशा कृतींना लागू पडते. मराठी अभ्यासकांनी आपली ही सामग्री घेऊन या नव्या क्षेत्राकडे वळावयास हरकत नसावी.

आपल्या वर्गात बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनी आयुष्यातले पहिले घर कागदावर नव्हे, तर अशाच एखाद्या ठोकळ्यांच्या जगात बांधलेले असते. त्या घराखाली काय बदलले आणि ते बदलणाऱ्याने त्यांच्या श्रमांचा मान राखला की नाही, हे त्यांना नेमके सांगता येते. त्यांच्या या जाणिवेला समीक्षेची भाषा देणे, एवढे काम आपल्याकडे उरते.